जवायाला दाखवलेला पिक्चर

जवायाला कोणता पिक्चर दाखवायचा हे माझ्या पोराने ठरवलं होतं. आमच्याकडे जवाई मुक्कामाला आला की साळ्याने त्याला टॉकीजात न्यायचं, ही जुनी रीत आहे. आधी जेवण, मग कपडे, मग पिक्चर. घरोघरी मोबाइल आले तरी आमच्या वणीत ती सुटली नाही. एरवी लोक जवायासाठी हसण्याचा नाहीतर गाण्यांचा पिक्चर निवडतात. आमच्या पोराने मारकाटीचा निवडला. त्यात एका भावाच्या बहिणीला सासरची माणसं मारून टाकतात, आणि मग तो भाऊ त्या घरच्या एकेकाला हुडकून तोडतो. पोराने तो आपल्या दोस्तांसोबत आधीच पाहिला होता.

"माय, पाहू दे त्याले एकदा," तो मला गॅसपाशी येऊन म्हणाला. "आपल्याले तोंडानं काही बोला लागत नाही. पडदाच बोलते. पाहीन त घाबरीन थो."

मी कणीक मळत होते. मळतच राहिले.

असं का करावं लागलं ते सांगते. पोरगी जेठात माहेरी आली होती, एकटीच, एसटीने. तिचं सासर राळेगावच्या पुढे आहे. कपाशीचं वावर, बैलजोडी, सासू, सासरा. खाऊन-पिऊन बरं घर. पोरगी म्हणाली, असंच आली, आठवण आली म्हणून. मी मानलं. मग एका दुपारी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले, तर डाव्या कानाच्या मागे माझ्या बोटांना टेंगूळ लागलं. तिने डोकं ओढून घेतलं.

"गोठ्याच्या दाराची फळी लागली," ती म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही. मला विचारता येत नाही, लहानपणापासूनच. चौथी झाली आणि शाळा सुटली, पण शाळेत होते तेव्हाही उत्तर येत असून हात वर केला नाही कधी. लग्नाकार्यात मी आत, स्वयंपाकाच्या बायांत बसते. तिथे बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी पोरगी मोरीपाशी भांडी घासत होती आणि मी तिला डावीकडून हाक मारली. ती वळली नाही. नळ बंद होता, बाहेर ट्रकही नव्हता. मी फिरून उजवीकडे गेले, हळूच म्हटलं, "बाई." ती लगेच वळली. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की मला कळलं.

मग तिने सांगितलं, हातातली कढई घासता घासता. वावरातून तो आला, पोळ्या गार झाल्या होत्या. ताट फेकलं. मग हात टाकला.

"एकडाव नाही माय," ती म्हणाली. आणि कढई पालथी घातली.

संध्याकाळी मी हे तिच्या बापाला सांगितलं. ते ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला आहेत. दिवसभर कोळशाचे ट्रक काट्यावर चढतात आणि उतरतात. घरी आले की आधी नाकातली काळी धूळ धुतात. त्या दिवशी ते तोंड धुवायचं विसरले. ओट्यावर बसून राहिले. पोरगी आत होती. तिला परत पाठवायचं नाही, हे त्यांच्या तोंडातून आलं नाही. माझ्याही नाही.

मग त्यांनीच मार्ग काढला. "धोंड्याचा महिना येऊन राह्यला," ते म्हणाले. "जवायाले बोलावू. मान करू. पोट भरलेल्या माणसाले गोष्ट समजते. मंग मी गोडीनं सांगतो त्याले."

धोंड्याचा महिना म्हणजे दर तीन वर्षांनी येणारा जास्तीचा महिना. त्या साली तो श्रावणाआधी आला होता. या महिन्यात लेक-जवाई म्हणजे लक्ष्मी-नारायण. बोलवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचं जेवू घालायचं. बाकी कोणाला नाही सुचणार असा हा मार्ग होता. ज्याला समज द्यायची त्याला आधी देव करायचा. पण तेव्हा मलाही तो बरा वाटला. निदान काहीतरी होणार होतं.

अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. पोरगीच रोज पाणी बदलत होती. तिच्या नवऱ्यासाठीच होते ते अनारसे. तिला जायचं आहे की नाही, हे आम्ही तिला विचारलंच नाही. एकदा ती आपणहून म्हणाली, "बाबानं नीट सांगतलं त आयकीन थो. बाबाले मानते." तिच्या चेहऱ्यावर आशा होती. ती पाहून मला जास्त भीती वाटली.

जवाई आला. येताना टोपलीभर आंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरच्या घेऊन आला. तो तसा आहे. हसतमुख. दारातूनच, "मामी, कुठं हाय तुमी? जवाई आला, लपू नका!" असा ओरडत येतो. शेजारच्या बाया म्हणतात, तुम्हाला जवाई मोकळा भेटला. आमच्यात सासू जवायासमोर तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून, दुसऱ्या कोणाला सांगून बोलायचं. त्याला विचार, भाजी पाहिजे का. मला तर ही रीत सोयीचीच होती. आजवर.

पाटावर बसवून यांनी त्याच्या पायावर पाणी घातलं आणि मी नव्या टॉवेलने पाय पुसले. नखांत वावरातली काळी माती होती, धुऊनही गेली नाही. त्याचा उजवा हात गुडघ्यावर ठेवलेला होता, माझ्या डोळ्यांपुढेच. रुंद पंजा. बैलांमागे डवरा धरून धरून घट्टे पडलेला. मी पायाकडे पाहायचं सोडून त्या हाताकडे पाहत होते. पोरगी त्याच्या शेजारच्या पाटावर होती, नवं लुगडं नेसून.

जेवताना तो म्हणाला, "मामाजी, आमच्या मायचे अनारसे तुपात टाकले का हसतेत. पार फुटून जातेत. मामीचे पाहा कशे जाळीदार! तुमच्या पोरीले काहून नाही शिकवलं?"

सगळे हसले. पोरगीही हसली. मग हे खाकरले. मी दाराआड उभी होते, मला कळलं आता बोलणार. पोराने हातातला घास ताटात ठेवला.

"जवाईबापू," हे म्हणाले.

"बोला ना मामाजी."

हे त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अजून एक घ्या. तूप घ्या वरून."

पोर उठून हात धुवायला बाहेर आला. माझ्याजवळून जाताना दात दाबून म्हणाला, "मले माईत होतं, बाबा नाही बोलत. माय, तू बी चाल. बाराचा शो हाय उद्याचा, मागं राहू नको. ताई म्हणते, माय आली तरच येतो."

म्हणून मी गेले. किती वर्षांनी टॉकीजात पाय ठेवला ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचही जण निघालो. पावसाचे दिवस, रस्त्यावर कोळशाचा काळा चिखल. टॉकीजाच्या पायऱ्यांवर लोकांनी चपला घासून घासून काळे पट्टे काढले होते. दारावर पोस्टर होतं, त्यात हिरोच्या हातात सत्तूर आणि चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे. जवाई त्याच्यासमोर उभा राहिला, पोराला म्हणाला, "काढ बे साळेबुवा, एक फोटो काढ."

बसताना पोराने मुद्दाम जवायाला आपल्या शेजारी घेतलं, त्याचं तोंड पाहता यावं म्हणून. जवायाच्या पलीकडे पोरगी, तिच्या पलीकडे मी, आणि कडेला हे. पोरगीचा चांगला कान माझ्याकडे आला. दुसरा नवऱ्याकडे.

टॉकीज भरलेलं होतं. खदानीतली पोरं, कॉलेजातली पोरं, बऱ्याच बायाही. समोरच्या ओळीत एक बाई कडेवर लेकरू घेऊन होती. सुरुवातीला लोक बोलत होते, दाणे खात होते. मग ती बहीण पडद्यावर आली. लग्न झालं, सासरी गेली. तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा तिला मारलं तेव्हा सगळं टॉकीज गप्प झालं. दाण्यांचा आवाजही थांबला. ती स्वयंपाकघराच्या भिंतीला आपटली आणि खाली बसली, आणि बसल्या बसल्या सांडलेलं वरण हाताने गोळा करू लागली. कोणी बनवलं असेल ते, त्याला हे कसं माहीत, असं मला वाटलं. मी डोळे मिटणार होते, मिटता आले नाहीत. पोरगी सरळ समोर पाहत होती. तिचा हात माझ्या हाताखाली होता, गार.

आणि मग मला नाक ओढल्याचा आवाज आला. जवाई रडत होता. रुमाल काढून डोळे पुसत होता. पडद्यावरचा उजेड त्याच्या ओल्या गालावर पडत होता. "लय वाईट," तो पोराला म्हणत होता. "लय वाईट करून राह्यला थो लेकाचा."

पोर त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला आता काय वाटावं हेच कळत नव्हतं. मलाही.

भाऊ आला तेव्हा टॉकीज फुटलं. शिट्ट्या, फाडलेले कागद, पोरं खुर्च्यांवर उभी. तो पहिल्याला मारतो, दुसऱ्याला मारतो. एकेकाला असं मारतो की सांगता येत नाही. लोक सांगत होते त्याला, कसं मारायचं ते.

"सोडू नको बे!"

"घासलेट टाक साल्यावर!"

मागून एक जाडा आवाज आला, "हात तोड अदूगर! ज्या हातानं मारलं थो हात तोड!"

"हात!" आमचा जवाई ओरडला. "हात तोड त्याचा!" तो खुर्चीच्या दांडीवर आपली उजवी मूठ आपटत होता. तोच हात.

समोरच्या बाईचं लेकरू आवाजाने रडायला लागलं. ती त्याला घेऊन बाहेर पळाली आणि लगेच परत आली, लेकराच्या डोक्यावर पदर टाकून. तिला चुकवायचं नव्हतं. माझ्या बाजूच्या ओळीतली एक म्हातारी हात जोडून बसली होती, देवळात बसावं तशी, आणि पुटपुटत होती, "बरं झालं मेल्याचं. बरं झालं." मी खोटं लिहीत नाही, मलाही एक घडी बरं वाटलं. पडद्यावरचा तो नवरा मेला तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग दिसलं, मेला तो पडद्यावरचा. आमचा इथे आहे, तोही टाळ्या वाजवतो आहे.

पिक्चर सुटल्यावर जवायाने सगळ्यांना आलुबोंडे आणले. पोरगीला तिखट लागेल म्हणून तिच्या आलुबोंड्यातली मिरची त्याने स्वतः काढून टाकली.

"साळेबुवा, काय पिक्चर दाखवला ना बे!" तो म्हणाला. "बाईमाणसावर हात टाकणारा मरद असते काय? माह्या बायकोले कोणी हात लावून पाहा म्हणा. मी बी असाच उभा फाडतो."

पोर आलुबोंडा हातात धरून उभा होता. त्याने तोंड उघडलं. आता बोलेल, असं मला वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि पोरगीनेही पाहिलं. तिने मान हलवली. नको, म्हणून. तिला रात्र त्याच्यासोबत काढायची होती, आम्हाला नव्हती.

"हो ना भाऊजी," पोर म्हणाला.

घरी येताना हे माझ्यासोबत मागे चालत होते. जवाई आणि पोर पुढे. जवाई हातवारे करून, कुठे कसा मारला, ते पोराला दाखवत होता, जसा पोराने पाहिलाच नव्हता. यांच्या चेहऱ्यावर मी जेठापासून पाहिलं नव्हतं असं समाधान होतं.

"पाह्यलं काय वं," ते म्हणाले. "रडला थो. मी पाह्यलं त्याले रडताना. लागलं त्याच्या मनाले. आता बोलाचं कामच नाही राह्यलं."

"अवो, थो तसा नाही रडला," मी म्हटलं.

"मंग कसा?"

मला सांगता येईना. तो स्वतःला कोण समजून रडत होता, हे शब्दांत कसं सांगायचं. तो भाऊ होता. टॉकीजातला प्रत्येक माणूस तो भाऊच होता. मारणारा नवरा एकटा पडद्यावर होता, खाली बसलेल्यांत कोणीच नव्हता. हे मला आता लिहिताना जमतं आहे. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पोरीले एखादा महिना ठेवून घेऊ."

"धोंड्याच्या महिन्यात जवायाले एकट्याले वापस धाडाचं? लोक काय म्हणतीन? अन् कायले? समजलं ना आता त्याले. तू आता इघन नको टाकू."

मी काळा चिखल चुकवत चालू लागले.

पोरगीने घरी आल्यावर पिशवी भरायला घेतली. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. विचारलं, "थो नेहमी रडते असा?"

"टीव्हीवर काही लागलं का रडते," ती म्हणाली. "कोणाचं लेकरू हरवलं, कोणाले सासूनं छळलं. लय मऊ हाय माय थो तसा. त्याले पाहून मलेच त्याची दया येते." तिने साडीची घडी घातली, मोडली, परत घातली. "मंग उठते अन् म्हणते, वाढ. तवा पोळी गरम पाह्यजे."

"बाबाले सांगू?"

"बाबा खूश हाय. राहू दे."

सकाळी आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. अनारशांचा डबा, नवे कपडे, पोळीभाजी. पोर त्या दिवशी ट्रकवर कामाला गेला नाही. नुसता सामान उचलत होता. यांनी जवायाच्या कपाळाला हात लावल्यासारखं केलं, आशीर्वाद दिल्यासारखं. राळेगावची गाडी लागली. हे पोराला घेऊन जागा धरायला धावले, पोरगी त्यांच्या मागे, आणि एका घडीसाठी मी आणि जवाई दोघेच खाली उरलो.

मी पदर पुढे ओढला आणि त्याच्याशी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये कोणी नसताना. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"जवाईबापू. तिचा डावा कान."

मला पुढे बरंच म्हणायचं होतं. टॉकीजातून आल्यापासून मी ते मनात लावून ठेवलं होतं. पण एवढंच आलं.

त्याने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. "हो ना मामी," तो म्हणाला. "मी बी तेच म्हणतो. बहिरी होऊन राह्यली थे. हाक मारा, आयकतच नाही. दोन-दोन डाव मारा लागते हाक. मंग माणसाचं डोक्स फिरते का नाही, सांगा?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तो खरंच विचारत होता.

"डाक्टरले दाखवतो मी," तो म्हणाला. "तुमी काळजी नका करू." वाकून माझ्या पाया पडला आणि गाडीत चढला.

पोरगी खिडकीशी बसली होती. गाडी मागे घेताना तिची डावी बाजू माझ्याकडे आली. मी हाक मारली. मग जोरात मारली, स्टँडवरची माणसं वळून पाहतील इतकी. मी इतक्या जोरात कधीच कोणाला हाक मारली नाही. ती समोर पाहत होती. गाडी कळंबच्या एका गाडीमागे अडली, मग निघाली.

यांनी नंतर पोराला जवळ घेतलं. "चांगला पिक्चर निवडला तू," म्हणाले. पोर नळावर गेला, तोंडावर पाणी मारत राहिला. त्या दिवसापासून तो पिक्चरला जात नाही. दोस्त बोलवायला येतात, तो ट्रकखाली झोपून काहीतरी खोलत बसतो.

परवा पोरगीचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलली. बोंडं फुटायला लागली, सासूचे गुडघे दुखतात. मग म्हणाली, "माय, थो पिक्चर टीव्हीवर लागला होता रातच्याला. घरचे सारेच पाहत होते."

"मंग?"

"हे त्याच जागी रडले. सासूले म्हणे, हा आपण वणीले पाह्यला, साळ्यानं दाखवला."

"मंग?"

"मंग काय. जेवले सारे."

मला एकच विचारता आलं. "पोळ्या गरम होत्या ना?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मला वाटलं, फोन चुकून डाव्या कानाला गेला. म्हणून मी परत विचारलं.

"होत्या माय," ती म्हणाली. "आता मी शेवटीच करतो."